माझ्या पायाच्या मागावर

चिपळूण स्टँडवर पहाटे साडेपाचच्या पुण्याच्या गाडीत चढताना मागचे गृहस्थ म्हणाले, "अहो बाई, जरा पाय उचला की." मी म्हटलं, उचलतेय, पण तो माझं ऐकतोच असं नाही. त्यांना काही कळलं नाही. मग साडी वीतभर वर करून बुटाच्या वरचा रबरी पाय दाखवला, तेव्हा त्यांनी घाईघाईनं माझी पिशवी धरली, मला खिडकीची जागा करून दिली आणि घाट लागेपर्यंत माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. माझ्या प्रवासाची सुरुवात हल्ली अशीच होते.

माझा डावा पाय अर्ध्या मांडीपासून खाली नाही. पाच वर्षांपूर्वी गुडघ्याच्या वर हाडाचा कॅन्सर निघाला. थोरली बहीण मंगलताई छत्रपती संभाजीनगरला असते. शाळेतल्या नोकरीसाठी तिकडे गेली आणि तिथलीच झाली. ती म्हणाली, इथे ये, घर आहे, दवाखाना आहे, मी आहे. म्हणून गेले. आठ महिन्यांनी परत आले ती केस, पाय आणि होता नव्हता तो गोडवा तिकडेच ठेवून. त्यातले केस तेवढे परत आले.

मी आमच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते. यंदा वार्षिक अंकासाठी कार्यवाहांनी लकडा लावला की कॅन्सरवर मात कशी केलीत ते लिहा, जिद्द, श्रद्धा वगैरे, वाचकांना उभारी येईल. मी म्हटलं, मात कसली डोंबलाची, त्याने पाय मागितला, मी दिला. फार तर पाच वर्षांच्या तपासणीला निघालेय, त्याचं प्रवासवर्णन देते. ते म्हणाले, चालेल, शेवट तेवढा चांगला करा. मी मान हलवली, कारण त्यांच्याशी वाद घालायला लागलं की टेबलापाशी रांग लागते.

तपासणी हे निमित्त होतं. खरं काम दुसरंच. जो पाय नाही तोच मला दुखतो. सगळा नाही, नेमका गुडघा. कुणीतरी तो मुडपून गच्च दाबून धरल्यासारखा होतो आणि सरळ करावा म्हटलं तर सरळ करायला पाय कुठे आहे? डॉक्टर म्हणतात, पाय गेला तरी मेंदूतला पाय जात नाही. गोळ्या झाल्या, आरशासमोरचे व्यायाम झाले. आता मी मांडीचा उरलेला तुकडा दाबून मनात म्हणते, सरळ हो, सरळ हो. पाच वर्षं हा जप चाललाय. देवाचं नाव एवढ्या वेळा घेतलेलं नाही.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी हे दुखणं सुरू झालं, तेव्हा वॉर्डातली एक मावशी फरशी पुसता पुसता सहज म्हणाली होती, "पाय वाकडा पुरला असंल बाई. उकरून सरळ करा, थांबतंय." मी तेव्हा हसले होते. पाच वर्षांत हसू संपलं. कापलेला पाय ताईच्या नवऱ्याने दवाखान्यातून मागून नेला होता. त्याचं काय केलं, असं मी तेव्हाही विचारलं, नंतर फोनवरही विचारलं. दरवेळी एकच उत्तर, "केली व्यवस्था." यावेळी मी ठरवूनच निघाले होते. माझा पाय कुठे आहे आणि तो सरळ ठेवलाय की वाकडा, हे कळल्याशिवाय परत यायचं नाही.

पुण्याला गाडी बदलली. दुसऱ्या गाडीत शेजारी एक बाई होत्या. माझं सवलतीचं ओळखपत्र कंडक्टरने पाहिलं, मी खात्रीसाठी पायावर टकटक वाजवून दाखवलं, आणि ते बघून बाईंनी माझा हात हातात घेतला. किती धीराच्या हो तुम्ही, म्हणाल्या. त्यांचा भाऊ, त्यांची जाऊ, जाऊबाईंची आई, सगळ्यांचे कॅन्सर त्यांनी शिरूरपर्यंत मला सांगितले. त्यातलं कोणीच वाचलेलं नव्हतं. तरी शेवटी म्हणाल्या, देवावर विश्वास ठेवला की सगळं नीट होतं.

लांबच्या प्रवासात मांडी सुजते आणि खोट्या पायाच्या खोबणीत मावेनाशी होते. म्हणून अहिल्यानगर सोडल्यावर मी पाय काढून खिडकीशी उभा ठेवला आणि बाहेर बघत बसले. बाहेर ऊन होतं, काळी जमीन, कपाशीची बोंडं फुटलेली, वेचणाऱ्या बायका ओळीने वाकलेल्या. आमच्या हिरव्या मुलखातून आलं की इथलं आकाश नको इतकं मोठं वाटतं. कुठल्याशा फाट्यावर ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि माझा पाय बुटासकट घसरत थेट पुढे गेला. एक लहान मूल किंचाळलं. मग पुढच्या सीटवरचे एक फेटेवाले आजोबा उठले, त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि पादुका आणाव्यात तसा माझ्यापर्यंत आणून दिला. धीराच्या आहात असं म्हणाले नाहीत. दिवसभरात मला आवडलेला तो एकच माणूस.

संध्याकाळी स्टँडवर दाजी आले होते. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भावोजी म्हणतात, इकडे दाजी. वाळूजच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला, उंच, कमी बोलणारा माणूस. भावंडांपेक्षा मी यांच्यावर जास्त विसंबले, ऑपरेशनच्या कागदावर सहीसुद्धा यांचीच होती. गारखेड्याच्या घरी ताईने ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी (धान्यं आणि मसाले भाजून दळलेल्या पिठाची तिखट आमटी) केली होती. आमच्या जिभेला नारळाची सवय, त्यामुळे पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी येतं. तिखटाच्या आडोशाने मी विचारून घेतलं, "दाजी, माझा पाय कुठे आहे?"

दाजी तांब्या भरायला उठले. तांब्या भरलेलाच होता. ताई म्हणाली, जेवताना काय ते विषय. मग ती उद्याच्या रिपोर्टबद्दल बोलू लागली. तिने खुलताबादच्या भद्रा मारुतीला नवस बोललेला होता की शरयूचा, म्हणजे माझा, पाच वर्षांचा रिपोर्ट नीट आला तर तिला घेऊन शनिवारी दर्शनाला येईन. ताईची श्रद्धा मोठी. माझ्या वाटची तीच करते, असं आमचं वाटून घेतलेलं आहे.

दुसरा दिवस अख्खा दवाखान्यात गेला. रांगा, सुया, यंत्रं, पुन्हा रांगा. दुपारनंतर एका तरुण डॉक्टरने फोटो बघितले आणि म्हणाला, मोकळ्या झालात, आता वर्षातून एकदा दाखवा. ताई तिथेच रडायला लागली. मला काहीच झालं नाही. आपण ज्याला घाबरत पाच वर्षं झोपलो नाही तो पाहुणा येणारच नाही असं कळल्यावर आनंद व्हायला हवा ना? मला झोपेचा हिशेब आठवला.

निघताना सिस्टरने मला वॉर्डात बोलावलं. कॉटवर वैजापूरकडची सविता नावाची एक पस्तिशीची बाई बसली होती, सोमवारी तिचाही पाय काढायचा होता. तिचा नवरा खाली जमिनीवर बसून सफरचंद कापत होता. सिस्टर म्हणाली, ह्यांना जरा धीर द्या, तुम्ही कशा उभ्या राहिलात ते सांगा. म्हणजे पुन्हा तेच. मी तोंड उघडणार एवढ्यात सविताच बोलली.

"ताई, कापल्यावर पायाचं काय करत्यात?"

नवऱ्याची सुरी थांबली. मला उत्तर येत नव्हतं. पाच वर्षं मी याच प्रश्नावर बसले होते. मी म्हटलं, परवा जायच्या आधी येऊन सांगते. ती म्हणाली, नक्की या बरं का. तिला माझ्या धीराशी काही देणंघेणं नव्हतं, त्यामुळे ती मला फार जवळची वाटली.

शनिवारी सकाळी दाजींच्या जुन्या गाडीतून आम्ही तिघं खुलताबादला निघालो. छावणी मागे पडली, दौलताबादचा रस्ता लागला. पडेगाव आलं तसे दाजी एकदम गप्प झाले. म्हणजे गप्प ते आधीही होते, पण आता मानही ताठ झाली, आणि डावीकडे काही असेल तर ते बघायचं नाही असे समोर बघत राहिले. मला असल्या गोष्टी कळतात. पुस्तक हरवलेले सभासद टेबलासमोर येऊन असेच उभे राहतात.

दौलताबादच्या अलीकडे बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या, हंगाम संपत आलेली सीताफळं. ताईने घेतली. किल्ला नेहमीसारखा उभा होता. धट्टीकट्टी असताना मी तो चढले होते आणि तेव्हाही वर काय बघायचं होतं ते मला कळलं नव्हतं. दाजींनी सीताफळ खाल्लं नाही.

भद्रा मारुतीची मूर्ती झोपलेली आहे. लोक लांबून चालत येतात आणि झोपलेल्या देवाला गाऱ्हाणं सांगतात. दारात चप्पल काढायची. इथे माझी पंचाईत. खोट्या पायाचा घोटा बुटाच्या टाचेच्या उंचीला बसवलेला असतो. बूट काढला की टाच खाली जाते आणि अख्खा माणूस मागे झुकतो. ताईने तिथल्या माणसाला समजावलं की हा बूट नाही, हा पायच आहे. तो बिचारा वाकून बघायला लागला, मागे रांग खोळंबली. शेवटी मी वैतागून बूट काढला, दोन पावलं टाकली आणि पायरीवर सपशेल मागे बसले. कोपर सोलवटलं. मग दाजी आणि ताई दोघांच्या खांद्यांना लोंबकळत मी आत गेले. शेंदराने माखलेला, रुईच्या माळांखाली निजलेला मारुती पाहिला. खरं सांगते, मला तो आवडला. निदान झोपलाय हे लपवत तरी नाही. ताई डोळे मिटून पुटपुटत होती. मी म्हटलं, चालू दे तुझं, मला उठवू नकोस असंच तो म्हणत असणार. कोपराचं रक्त पदराला लागलं.

परतताना पडेगावच्या अलीकडे मी दाजींना गाडी थांबवायला सांगितली. त्यांनी विचारलं, का? मी म्हटलं, तुम्ही सकाळी ज्या बाजूला बघितलं नाहीत तिकडे जायचंय. ताई आमच्या तोंडांकडे बघत राहिली. दाजींनी गाडी बाजूला घेतली, किल्ली काढून हातात धरली आणि पाच वर्षांनी बोलले.

त्या दिवशी दवाखान्यातून पाय घेऊन ते स्कूटरवर निघाले होते. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला पाय पुढे, आपल्या पायांमध्ये उभा धरून. माझी भूल उतरत होती, ताई माझ्यापाशी होती. तिने नवऱ्याला बजावलं होतं की माझ्या बहिणीचं अंग आहे, कचऱ्यात जायचं नाही, नीट अग्नी द्यायचा. ते एका स्मशानात गेले. तिथल्या माणसाने मयताचं नाव विचारलं. दाजी म्हणाले, मयत नाही, पाय आहे. तो म्हणाला, मग बाकीचा माणूस कुठाय? दाजींनी दवाखान्याचा कागद दाखवला. नाव कुणाचं लिहू, म्हणाला, जित्या माणसाचं नाव मी या वहीत घालणार नाय. त्याचंही चुकलं असं मला म्हणता येत नाही.

मग ते छावणीत एका मित्राकडे गेले, त्याच्या घरामागे जागा होती. मित्र हो म्हणाला, मित्राची बायको नको म्हणाली, घरात लहान पोरं होती. तिथून दौलताबाद रस्त्याला लागले. वाटेत एका बाभळीखाली दगडाने खड्डा करायला बसले तर रस्त्यावरची माणसं जमली, काय पुरताय म्हणून. पुन्हा पाय स्कूटरवर घेतला. सकाळी निघालेला हा माणूस संध्याकाळपर्यंत माझा पाय घेऊन अख्ख्या शहरात फिरला, पाण्याचा घोट न घेता. मी काचेआड पडून सलाईनचे थेंब मोजत होते तेव्हा माझा पाय छावणी बघत होता.

शेवटी पडेगावच्या बाहेर नाल्याकाठची एक जागा त्यांना आठवली. आमच्यात तान्ही मुलं जाळत नाहीत, पुरतात. त्यांची जागा. तिथे कांताबाई नावाची बाई खड्डे खणते. तिच्यापुढे जाऊन दाजी उभे राहिले आणि तिने विचारायच्या आत म्हणाले, लेकरू आहे. नातू आहे माझा.

"खोटं बोललो," दाजी म्हणाले. "पाय म्हनलं असतं तर तिनंबी परत लावलं असतं. आता माझ्यात जोर नव्हता राहिला. रडायचं सोंग आनायला लागलं नाय, ते आपसूक आलं."

  ताई म्हणाली, मला म्हणालात अग्नी दिला. दाजी म्हणाले, व्हय. आणि तिने तोंड खिडकीकडे केलं.

जागा रस्त्यापासून फार आत नव्हती. कच्ची वाट, चार कडुलिंब, कोरडा नाला, पत्र्याची एक खोली. मधे मातीचे लहान लहान उंचवटे, प्रत्येकावर दगड. काहींवर बांगडी, काहींवर दुधाची बाटली. अशा जागेत माझ्यासारखीने चालायचं म्हणजे काठीने चाचपून, आणि काठी कुठे टेकावी हेच कळेना. कांताबाई खोलीच्या सावलीत डाळ निवडत बसली होती. साठीची, वाळलेली, मागे कासोटा. तिने दाजींना ओळखलं. लई दिवस लावले, म्हणाली, आणि सूप बाजूला सारलं.

दाजींनी हात जोडले. बाई, मी त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोललो, असं त्यांनी सुरू केलं आणि पुढे त्यांना जमेना. कांताबाई त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती साडीखालून दिसणाऱ्या माझ्या बुटाकडे बघत होती.

"ह्यांचा हाय व्हय," ती म्हणाली. "पाय हाय ते मला गाठोडं हातात घेतल्याबरोबर कळलं. मी इतकी वर्षं लेकरं घेते हातात. लेकराचं वजन निराळं असतंय."

दाजी म्हणाले, "मंग बोलला का नाय?"

"तुम्ही रडत होता. अन् मी नको म्हनलं असतं तर कुठं गेला असता घेऊन?"

दाजी खाली बसले. या माणसाने पाच वर्षं हे खोटं पोटात ठेवलं होतं आणि ज्या बाईला सांगितलं तिला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. मला त्यांची दया यायला हवी होती. पण मी दयेसाठी आले नव्हते. मी विचारलं, "ठेवलात कसा? सरळ की वाकडा?"

कांताबाईने दाजींकडे बघितलं, मग ताईकडे. तिला प्रश्न कळला होता, म्हणजे तीही वॉर्डातल्या मावशीच्याच मताची होती.

"सरळ मावंना," ती म्हणाली. "एक खड्डा मी कायम तयार ठिवते, लेकराच्या मापाचा. मालक तवा अंथरुनाला, दुसरा खांदायला कोन नव्हतं, अन् दिवस मावळत आलेला. मंग गुडघ्यात मुडपला. गुडघा सुजलेला, वळंना. लई हळू हळू मुडपला बाई. ज्याचा हाय त्याला दुखू नये म्हनून."

माझ्या मांडीच्या टोकाशी, जिथे काही नाही तिथे, गुडघा कचकन आवळला. हे मी सजवून सांगत नाही. डॉक्टर म्हणतील, ऐकलं म्हणून झालं. म्हणोत. मला राग आला. पाय माझा. आजार माझा. पाच वर्षं रात्री उठून उशी चावलेय मी. आणि तिकडे कापायला सही दाजींची, न्यायला हुकूम ताईचा, मुडपायला हात हिचे. मला एकदा तरी कुणी विचारायचं होतं. मी हे सगळं मोठ्याने बोलले. कांताबाई ऐकून घेत होती. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता उकरा आणि सरळ करा.

तिने एका शब्दाने नाही म्हटलं नाही. उठून खोलीतून फावडं आणलं आणि नाल्याच्या बाजूला चालू लागली. मागून मी, माझ्यामागे दोघं. एका कडुलिंबाखाली ती थांबली. तिथे दोन दगड होते, एक काळवंडलेला आणि त्याला अगदी खेटून एक नवा. नव्यावर लोकरीची टोपरी, पावसाने भिजून आणि वाळून कडक झालेली.

"सरळ करते," कांताबाई म्हणाली. "नुसती हाडं असतील. पर ही आधी काढावी लागंल. पोरगी हाय, सव्वा महिन्याची. ह्या पावसाळ्यात आनली. नाल्याला पानी, वर जागा उरली नव्हती. पाय मुडपल्यावर मधी जी जागा राहती ना, तिथं ठिवली मी तिला."

तिने फावड्याने मातीवर दाखवलं. इथे मांडी. इथे पोटरी. आणि इथे, मधे, ती.

मला मूलबाळ नाही. लग्न नाही. आमच्याकडे तान्ह्या बाळाला न्हाऊ घालतात ते पाय पसरून, पायांवर घेऊन. ताईची दोन्ही मुलं मी तशी घेतली नाहीत, भीती वाटायची, निसटलं तर. माझ्या पायावर कुणी कधी निजलं नव्हतं. आता निजलं होतं, मला न विचारता, आणि पाय मला न विचारता त्याच्याभोवती मुडपून होता. माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. पण तो कुणावर काढायचा ते सापडेना. टोपरी कुणीतरी घरी विणलेली होती, एका बाजूचा टाका सुटलेला होता.

मी म्हटलं, "राहू दे."

कांताबाई म्हणाली, "दुखंल मंग."

मी म्हटलं, "दुखू दे. तिला हलवू नका."

ताईने पिशवीतून मारुतीचा नारळ काढला आणि फोडून अर्धा अर्धा दोन्ही दगडांपुढे ठेवला. मग ती दाजींपाशी गेली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. कांताबाईने आम्हाला चहा केला, बिनदुधाचा. जाताना सीताफळं तिलाच दिली.

रविवारी सकाळी स्टँडवर जायच्या आधी मी दवाखान्यात सविताकडे गेले. ती वाटच बघत होती. तिने विचारलं, सांगता ना? मी सांगितलं. नातेवाइकांनी मागितला तर पाय देतात. जाळायला घेणार नाहीत, नाव मागतील. पुरायला जागा आधी बघून ठेवा. मग नवऱ्याला म्हटलं, "खड्डा लांब खणायचा. लेकराचा नाही, हिच्या पायाच्या मापाचा. आणि सरळ ठेवायचा." त्याने मान हलवली, मग खिशातली दोरी काढली आणि विचारलं, माप घेऊ का? सवितानेच दोरीचं एक टोक मांडीवर धरलं, तो दुसरं टोक टाचेपर्यंत घेऊन गेला आणि तिथे गाठ मारली. ती म्हणाली, नंतर लई दुखतं का हो? मी म्हटलं, दुखतं. सिस्टर दारातून माझ्याकडे रागाने बघत होती. सविता मात्र उशीला टेकून नीट बसली आणि नवऱ्याला म्हणाली, दोरी जपून ठेव.

परतीच्या गाडीत मला पुन्हा खिडकी मिळाली. शेजारी कोणी नव्हतं. अहिल्यानगर यायच्या सुमाराला दुखणं आलं, नेहमीसारखं, गुडघ्यातून, गच्च. वाटलं होतं, जागा बघितल्यावर कमी होईल. तसूभरही कमी झालं नव्हतं. कार्यवाहांना चांगला शेवट हवा होता आणि माझ्याकडे तोच जुना गुडघा होता. सवयीने माझा हात मांडीच्या टोकाशी गेला. सवयीनेच मी म्हणणार होते, सरळ हो.

म्हटलं नाही. हात तिथेच हलका ठेवला आणि गाडी खड्ड्यातून गेली तेव्हा पाय मुडपलेलाच घट्ट धरला. आत पोर झोपलेली होती.